चेन डावीकडे घ्यायची असेल तर

मी डावखुरा आहे. लहानपणापासून सायकलवर उजव्या बाजूने टांग टाकतो, ढकलत न्यायची तरी सायकल माझ्या डाव्या हाताला असते. आता चेन जवळजवळ सगळ्या सायकलींना उजवीकडेच. बहुतेक माणसं डावीकडून चढतात, त्यामुळे त्यांचे कपडे चेनपासून लांब राहतात. माझं नेमकं उलटं. शाळेपासून एकही पॅन्ट काळ्या ग्रीसच्या डागाशिवाय राहिली नाही. म्हणून मी चेन डावीकडे असलेली सायकल बनवली, मग दुसरी, आणि मग मित्रांच्या म्हणून आणखी तीन.

सांगलीत कुणालाही विचारलं तर उत्तर एकच: "त्यात काय, चाक उलटं घाल की!" हा सल्ला देणाऱ्याने चाक कधी उलटं घातलेलं नसतं. डावीकडची सायकल म्हणजे उजवीकडच्या सायकलचं आरशातलं चित्र नव्हे. फ्रेमला, चाकाला, चेनला डावं-उजवं फारसं कळत नाही. आट्याला, म्हणजे स्क्रूसारख्या पेचाला, कळतं. सगळा घोळ आट्यांपाशी होतो, आणि सगळ्यात मोठा मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर.

सुरुवात फ्रेमपासून. लोखंडी फ्रेम घ्या, डिस्क ब्रेकवाल्या सिंगल स्पीड सायकलची. मागचं चाक जिथे बसतं ती खाच आडवी हवी, म्हणजे चाक मागे-पुढे सरकवून चेन ताणता येते. खाच उभी असेल तर ती फ्रेम सोडून द्या. माझी पहिली फ्रेम 2019 च्या महापुरात चार दिवस पाण्याखाली होती. आतून गंज खरवडून तेल सोडलं, ती अजून धावते. घेण्याआधी एक गोष्ट बघा: बऱ्याच फ्रेमना चेनव्हील, म्हणजे पायडलपाशचं दातेरी चाक, बसावं म्हणून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या उजव्या नळीला बाहेरून चेप दिलेला असतो, डाव्या नळीला नसतो. चेनव्हील डावीकडे धरून बघा. नळीला घासत असेल तर लहान चेनव्हील लावा. नळी हातोडीने चेपू नका.

आता मागचा हब. इथे मी दोन महिने आणि तीन चाकं घालवली, म्हणून सविस्तर सांगतो.

फ्रीव्हील म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणारं मागचं दातेरी चाक. नेहमीचं फ्रीव्हील उजव्या आट्याचं असतं, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवलं की आवळतं; डाव्या आट्याचं उलटं. उजवीकडे बसवलं की पायडल मारताना ते हबवर आणखी घट्ट होत जातं. तेच चाक उलटं करून फ्रीव्हील डावीकडे आणलं की दोन गोष्टी होतात. पहिली लगेच कळते: पुढे पायडल मारलं की फ्रीव्हील नुसतं करकर फिरतं, आणि मागे मारलं की चाक मागे जायला बघतं, कारण आतले खटके एकाच दिशेने अडकतात. दुसरी गोष्ट उशिरा कळते. फ्रीव्हीलचं तोंड आत करून, म्हणजे उलटं, बसवलं तर खटक्यांची दिशा बरोबर येते आणि माणूस खूश होतो. पण आटा कुठूनही बघा, उजवा तो उजवाच. डावीकडे बसलेलं फ्रीव्हील पायडलच्या प्रत्येक जोराबरोबर उलगडत जातं.

यावर गल्लोगल्ली मिळणारा उपाय म्हणजे वेल्डिंग. "दोन टाके मार, कुठं जातंय!" मी मारून घेतले. तिसऱ्या दिवशी आयर्विन पुलाचा चढ चढताना टाके तुटले, पायडल एकदम मोकळं सुटलं आणि मी दांड्यावर आपटलो. मागे टेम्पो होता, तो वेळेवर थांबला म्हणून बरं. फ्रीव्हीलचं पोलाद कडक केलेलं असतं. वेल्डच्या उष्णतेने त्याच्या कडेला भेगा पडतात आणि आतल्या खटक्यांच्या बारीक स्प्रिंगचा ताण जातो. कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी फ्रीव्हील वेल्ड करू नका.

दुसरा सल्ला ट्रॅक सायकलवाल्यांचा: फिक्स कॉग, म्हणजे फ्रीव्हीलऐवजी चाकाबरोबरच फिरणारं दातेरी चाक, लावा आणि त्याच्यावर लॉकरिंग, म्हणजे ते धरून ठेवणारं कडं, कसा. लॉकरिंगचा आटा डावा असल्यामुळे कॉग सुटायला लागला की तो लॉकरिंगलाच आवळतो, हे खरं आहे. पण लॉकरिंग आहे ते उलटं पायडल रोखण्याचा भार सोसायला. डावीकडे आणलं की पुढे मारण्याचा सगळा जोर त्या पातळ कड्यावर येतो. मी हे करणार नाही, तुम्हीही करू नका.

मग करायचं काय? डिस्क ब्रेकचा हब नीट बघा. डिस्क डावीकडे बसते, सहा बोल्टने, आट्याने नाही. 44 मिमी व्यासाच्या वर्तुळावर 5 मिमीचे सहा बोल्ट. बोल्टने धरलेल्या कॉगला डावं-उजवं नसतं. डिस्क काढा, त्या जागी कॉग लावा. भार झेपेल का, ही शंका मलाही होती, म्हणून गणित मांडलं. 60 किलोचा माणूस 170 मिमीच्या क्रँकवर (पायडलच्या दांडीवर) पूर्ण वजनाने उभा राहिला तर क्रँकवर साधारण 100 न्यूटन-मीटरचा पीळ येतो. चेनव्हील 44 दात्यांचं आणि कॉग 18 चा असेल तर हबवर त्यातला 41 च्या आसपास पोचतो. हे सहा बोल्ट मुळात ब्रेकचा झटका सोसायला दिलेले आहेत, त्यांना हा भार जड नाही. फक्त त्या चाकाच्या आऱ्या एकमेकींना छेदून विणलेल्या हव्यात. सरळ बाहेर जाणाऱ्या आऱ्या हा पीळ घेत नाहीत.

असा कॉग आपल्या बाजारात तयार मिळत नाही, तो करून घ्यावा लागतो. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवाल्यांची वाण नाही. ईएन 8 पोलादाची 5 मिमी जाडीची चकती घ्या आणि दात्यांची जाडी 2.9 मिमीपर्यंत उतरवून घ्या, कारण साध्या सायकलच्या चेनच्या आतली रुंदी 1/8 इंच, म्हणजे 3.2 मिमीच्या आसपास असते. दाते 16 पेक्षा कमी नकोत. 15 दात्यांना चेनच्या पट्ट्या बोल्टच्या डोक्यांना लागतात.

माझी चूक झाली ती भोकांत. मी डिस्क चकतीवर ठेवून पंचने खुणा केल्या आणि ड्रिल मारलं. डोळ्याला सगळं बरोबर दिसत होतं. चेन चढवली आणि चाक हाताने फिरवलं, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात चेन एका जागी वीणेच्या तारेसारखी ताठ व्हायची आणि अर्ध्या फेऱ्यानंतर झोळीसारखी लोंबायची. कॉग जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकला होता. फ्रीव्हील नसलेल्या सायकलवर असं चालत नाही. ताठ जागी बेअरिंग मरतात आणि सैल जागी चेन उतरते. चेन उतरून चाक जाम झालं तर तुम्ही थेट रस्त्यावर.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मधलं भोक लेथवर कातून घ्या, हबच्या उठावदार कड्यावर हाताने दाबून जेमतेम बसेल इतकं घट्ट. कड्याचं माप वर्निअरने घ्या, कागदावरचं माप टर्नरला देऊ नका, हबच त्याच्या हातात द्या. दाते त्याच भोकाच्या केंद्रावरून पाडून घ्या. सहा भोकं सगळ्यात शेवटी, 5.5 मिमीची, म्हणजे बोल्ट थोडे मोकळे राहतील आणि केंद्र धरायचं काम कडंच करेल. भोकं बरोबर पडली का ते तपासायचं असेल तर शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यांत 22 मिमी अंतर आलं पाहिजे. सहा बिंदूंच्या वर्तुळात ते त्रिज्येइतकंच असतं. टर्नर म्हणाला, "साहेब, सायकललाच एवढं कशाला?" तरी मागे हटू नका. बोल्टला थ्रेडलॉक (आटे सुटू न देणारा डिंक) लावा आणि समोरासमोरचे आळीपाळीने आवळा.

या पद्धतीने सायकल फिक्स होते. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, उतारावरही. ते नको असेल तर दुसरा मार्ग एकच: बीएमएक्स, म्हणजे कसरतींच्या लहान सायकलींसाठी बनणारा डाव्या आट्याचा हब आणि त्याचं डावं फ्रीव्हील, दोन्ही जोडीने. नुसतं एक आणून उपयोग नाही.

क्रँक. उजवा क्रँक चेनव्हीलसकट डावीकडे घातला की तो बसतो, कॉटरही (क्रँक एक्सलवर धरणारी पाचर) जाते. पण पायडलचं भोक उजव्या आट्याचं राहतं आणि डावीकडचं पायडल हळूहळू सुटत येतं. डाव्या पायडलला डावा आटा उगाच दिलेला नाही. राइट बंधू विमानाआधी सायकली बनवत, त्यांनी 1900 च्या सुमारास आपल्या पायडलना हीच व्यवस्था केली होती. भोक मोठं करून त्यात आतून कॉलर असलेला पोलादी बुश दाबून बसवा, पितळेने झाळून घ्या आणि मग आत 9/16 इंच, 20 आट्यांचा डावा टॅप मारा. बुशभोवती सगळीकडून निदान 4 मिमी लोखंड उरलं पाहिजे. उजवीकडे दुसऱ्या सायकलचा उजवा क्रँक चेनव्हील कापून लावा, म्हणजे तिथे काहीच करावं लागत नाही.

दोन्ही क्रँक ज्यावर बसतात तो एक्सल काढून उलटा घाला, त्याचं लांब टोक डावीकडे यायला हवं. त्याच्या बेअरिंगच्या कपांना मात्र हात लावू नका. उजव्या कपाला डावा आटा असतो आणि तो तिथेच योग्य आहे, कारण चेन कुठेही असली तरी क्रँक पूर्वीच्याच दिशेने फिरतो. छर्रे नवे घाला. दोन्ही कॉटर आपापल्या क्रँकच्या एकाच बाजूने ठोका, नाहीतर पायडल एका रेषेत येत नाहीत.

चेनव्हील आणि कॉग एका रेषेत आहेत का, ते लांब पट्टी लावून बघा. चेन मधोमध बोटाने दाबली तर 10 ते 12 मिमी हलावी.

ब्रेक. डिस्कची जागा गेली, म्हणजे मागे रिमचा ब्रेक लावावा लागतो. पुढचा ब्रेक चांगल्यातला चांगला लावा. पायांनी थांबवू म्हणून ब्रेक न लावणारी मुलं मी बघितली आहेत. अशा मुलाला मी सायकल बनवून देत नाही.

पहिली फेरी गर्दीत नको. मी पहाटे हरिपूरच्या रस्त्याला जातो, चिंचांच्या सावलीतून संगमापर्यंत आणि परत. रस्ता सपाट आहे आणि त्या वेळी रिकामा असतो, त्यामुळे पाय थांबवण्याची जुनी सवय मोडायला जागा मिळते. चेनचा आवाज ऐका. एकसारखी सळसळ हवी. ठराविक अंतराने "कट्" ऐकू आलं तर कॉग परत काढा. परत आल्यावर दोन्ही कॉटर, दोन्ही पायडल आणि ते सहा बोल्ट पुन्हा आवळा, आणि 20 किलोमीटर झाले की आणखी एकदा. कॉटर पहिल्या दोन-तीन दिवसांत बसते आणि थोडी सैल पडतेच. सैल कॉटरवर सायकल चालवली तर क्रँकचं भोक खाल्लं जातं, आणि बुश बसवलेला तो क्रँक पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.