कुत्र्याने चॉकलेट खाल्लं तर लगेच काय करायचं

आधी उरलेलं चॉकलेट त्याच्यापासून लांब करा, आणि रॅपर फेकू नका. डॉक्टर पहिलं तेच विचारणार, मिल्क होतं का डार्क, कोको किती टक्के, किती ग्रॅमचं, त्यातलं किती खाल्लं. सोबत कुत्र्याचं वजन आणि साधारण कधी खाल्लं ते सांगा आणि लगेच व्हेटना फोन लावा. "आत्ता तर मस्त खेळतोय" म्हणून थांबू नका प्लीज, लक्षणं दिसायला बऱ्याचदा ६ ते १२ तास जातात आणि उलटी करवून पोट रिकामं करायला पहिले दोनेक तासच सगळ्यात चांगले असतात.

त्रास होतो तो कोकोमधल्या थिओब्रोमीनमुळे, थोडं कॅफीनपण असतं. कुत्र्याच्या अंगातून ते फार हळू निघतं, निम्मं जायलाच साधारण १७-१८ तास. दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की उलट्या, जुलाब, सारखं पाणी पिणं, बेचैनी सुरू होते, ४०-५० ला हृदयाचे ठोके बिघडतात आणि ६० च्या वर फिट येऊ शकते.

आता हिशोब बघा. मिल्क चॉकलेटच्या १ ग्रॅममध्ये अंदाजे २ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ५ किंवा जास्त, आणि कोको पावडरमध्ये २० च्या पुढे. म्हणजे ५० ग्रॅम मिल्क चॉकलेट १० किलोच्या कुत्र्याने खाल्लं तर किलोमागे १० च पडतं, पण तेच ३ किलोच्या पॉमेरियनने खाल्लं तर ३३! आणि १० किलोवाल्याने दोन मोठे चमचे कोको पावडर चाटली तरी तो २० च्या वर जाऊ शकतो. म्हणून घरी केक करणाऱ्यांनी कोकोचा डबा आणि डार्क कंपाउंडची स्लॅब ओट्यावर ठेवूच नका, वरच्या बंद कपाटात ठेवा. व्हाइट चॉकलेटमध्ये थिओब्रोमीन जवळजवळ नसतं, फॅट मात्र भरपूर.

शुगर-फ्री असेल तर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का बघा, त्याने अर्ध्या-एक तासातसुद्धा रक्तातली साखर एकदम खाली येते, तिथे हिशोब करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. मनुका असलेलं चॉकलेट पण तसंच, मनुकांनी किडनी जाऊ शकते. कागद-फॉइल गिळली असेल तर तेही सांगा.

उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी अजिबात पाजू नका!! बरेच जण हेच सुचवतात, पण रक्तात सोडियम वाढून त्यानेच जीव जाऊ शकतो. घशात बोट घालणं नको, दूध-तूपही नको. हायड्रोजन पेरॉक्साइड डॉक्टरांना न विचारता नाही, आणि पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्यांना तर नाहीच, उलटी फुफ्फुसात जाऊ शकते. डॉक्टर इंजेक्शनने उलटी करवतात, मग गरजेप्रमाणे चारकोल (पोटातलं विष शोषणारा औषधी कोळसा), सलाइन, ठोक्यांवर लक्ष.

घरी आणल्यावर दर तीन-चार तासांनी शूला न्या, रात्रीपण, कारण लघवीतलं थिओब्रोमीन मूत्राशयातून परत रक्तात जातं. चारकोल दिला असेल तर शी काळी होईल, घाबरू नका. पण दोन-तीन दिवसांनी जरी उलट्या, पोटदुखी, जेवण सोडणं असं काही दिसलं तरी परत दाखवा, फॅटमुळे स्वादुपिंडाला सूज येते ती उशिरानेच कळते.