गाडी खाली बसवताय? स्वस्ताच्या नादात या चुका टाळा

स्प्रिंग कापू नका. 'बजेट कमी आहे, गाडी जरा बसवून द्या', म्हणजे तिची उंची कमी करून द्या, म्हणत माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पोरांच्या डोक्यात आधीच ग्राइंडर फिरत असतो, म्हणून सुरुवात इथूनच.

वेढा कापला की गाडी खाली बसते, हे खरं. पण उरलेली स्प्रिंग कडकही होते, कारण दाबाला वाकायला वेढे कमी उरतात. शिवाय बऱ्याच स्प्रिंगांचा टोकाचा वेढा बैठकीत नीट बसेल असा वळवलेला असतो आणि नेमका तोच कापला जातो. मग चाक हवेत लोंबलं की स्प्रिंग सैल पडते.

गेल्या पावसाळ्यात नाशकातल्या पाथर्डी फाट्याकडच्या एका मुलाची हॅचबॅक टोइंग करून आली. पुढच्या स्प्रिंगा कुठल्याशा गॅरेजात कापलेल्या, मागच्या गॅसने तापवून दाबलेल्या. तापवलं की स्टीलचं पाणी उतरतं, म्हणजे त्याची ताकद जाते. अशी स्प्रिंग दिवसेंदिवस बसतच जाते. त्र्यंबक रोडला गतिरोधकावरून उतरताना त्याचं पुढचं चाक लोंबलं, स्प्रिंग बैठकीतून सरकली आणि टायरचा गाल फाडून गेली. वेग कमी होता म्हणून निभावलं. हेच कसारा घाटात झालं असतं तर? टायर, स्प्रिंगा, माउंटिंग असं सगळं बिल झालं, तेवढ्यात त्याच गाडीसाठी बनवलेला लोअरिंग स्प्रिंगांचा, म्हणजे गाडी खाली बसवायच्या तयार स्प्रिंगांचा, चांगला सेट आला असता. हे त्या मुलाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं, याचा मला राग येतो.

दुसरी चूक म्हणजे नव्या स्प्रिंगा थकलेल्या शॉकअपवर चढवणं. लोअरिंग स्प्रिंग कडक असते, तिची उसळी आवरायचं काम शॉकअपचं. तेल गळणारा शॉकअप ते करू शकत नाही. गाडी उड्या मारते आणि पोरं स्प्रिंगला नावं ठेवतात. पैसे कमी असतील तर मी आधी शॉकअप, माउंटिंग, लिंक रॉड बदलायला लावतो. स्प्रिंगा पुढच्या पगारात घ्या. थांबायची तयारी नसेल त्याने गाडीला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

किती खाली? नाशकात 25 ते 30 मिमी, त्याहून जास्त मी सुचवत नाही. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्त्यापासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, 163 मिमी. त्यातून 50 गेले की 113 उरतात, तेही गाडी रिकामी असताना. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीतला गतिरोधकच 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. सिडको, सातपूरच्या गल्ल्यांतले तर उंचही असतात आणि उभेही. घरचे चौघे बसवा, नेहमीच्या रस्त्याने फिरा, मग आकडा ठरवा.

आता एक चूक, जी चांगल्या मेकॅनिकांकडूनही होते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबलेली आणि त्याच अवस्थेत लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, बोल्ट पूर्ण आवळले जातात. आतलं रबरी बुश त्या लोंबत्या कोनात पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी जितकी खाली, पीळ तितका जास्त. मी बोल्ट नुसते हाताने लावतो, गाडी चाकांवर उभी करतो, पुढून-मागून दाबून बसवतो आणि मगच टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) घेतो. काम घाईत उरकणाऱ्याला हे सांगायला लाजू नका.

बंप स्टॉपर, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबलं की धक्का झेलणारा ठोकळा, काढून टाकू नका. किटमध्ये आखूड दिला असेल तर तोच लावा. दबलेल्या स्प्रिंगचा वरचा नट स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं साधन) न लावता उघडू नका, जीव जाऊ शकतो. जुने कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे जोड) घेताना कॉलरचे आटे फिरवून बघा, पावसाने ते जाम होतात.

अलाइनमेंट लगेच करा आणि स्प्रिंगा बसल्यावर, म्हणजे काहीशे किलोमीटरनंतर, पुन्हा करा. टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन, बिघडला की टायर आतल्या कडेने झिजतो आणि वरून दिसतही नाही. हेडलाइटचा झोतही तेव्हाच जुळवून घ्या.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. म्हणून सामान घेण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि मूळ स्प्रिंगा भंगारात देऊ नका.