टू-फेज बायोकॅटॅलिसिस: सॉल्व्हंटची यादी कुठून सुरू करायची?

टू-फेज बायोकॅटॅलिसिस म्हणजे पाण्याचा थर आणि त्यात सहज न मिसळणाऱ्या सॉल्व्हंटचा थर एकत्र ठेवून एन्झाइमकडून रासायनिक अभिक्रिया करून घेणं. अशा प्रयोगशाळेत नवीन रुजू झालात की कोणीतरी लॉग पीचा नियम सांगतंच. ऑक्टेनॉल आणि पाणी यांच्यात सॉल्व्हंट कसा वाटला जातो, त्यावरून हा आकडा निघतो; आकडा जितका मोठा, तितका सॉल्व्हंट पाण्यापासून दूर राहणारा. लाने आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये मांडलेला आडाखा असा: आकडा 2 च्या खाली असेल तर एन्झाइम टिकणं कठीण, 4 च्या वर असेल तर बहुधा टिकतं, आणि मधल्यांचा भरवसा नाही. आडाखा उपयोगाचा आहे, मीही वापरतो. पण त्यात रिअॅक्टरपाशी उभ्या राहणाऱ्या ऑपरेटरचा विचार कुठेच नाही.

हेक्सेनच घ्या. लॉग पी 4 च्या जवळ, लायपेज (चरबी तोडणारं एन्झाइम) त्यात मजेत राहतं, म्हणून जुन्या पेपरांत तो जागोजागी दिसतो. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, मात्र उणे 22 अंशांच्या आसपास, आणि शरीरात त्याचं 2,5-हेक्सेनडायोन होऊन हातापायांच्या नसा खराब होतात. औषधात हेक्सेनचा अंश आयसीएच क्यू3सी या औषधांतल्या उरलेल्या सॉल्व्हंटच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार 290 पीपीएमपर्यंतच चालतो. हेप्टेन त्याच मार्गदर्शिकेत वर्ग 3 मध्ये, म्हणजे कमी घातक गटात, 5000 पीपीएमला आहे. एन्झाइमला दोघांत फारसा फरक जाणवत नाही, म्हणून ही अदलाबदल मी डोळे झाकून सुचवतो. आग मात्र टळत नाही: हेप्टेनचा फ्लॅश पॉइंटही शून्याखालीच आहे आणि ढवळताना, पंपाने ओतताना त्यात स्थिर वीज साठते. आपल्या पेट्रोलियम नियमांत 23 अंशांखालचं सगळं वर्ग अ मध्ये येतं. मोठा साठा करायचा तर नागपूरच्या पेसोचे (स्फोटक आणि ज्वालाग्राही मालावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे) नियम आधी वाचावे लागतात.

मग सुरक्षित याद्या उघडाव्यात, तर तिथे उलटाच प्रकार. केम21 या युरोपीय प्रकल्पाच्या सॉल्व्हंट यादीत इथाइल अॅसिटेट शिफारस केलेल्यांत बसतो, पण त्याचा लॉग पी 0.7 च्या आसपास. एमटीबीई (मिथाइल टर्ट-ब्युटिल इथर) एन्झाइमला अनेकदा मानवतो, पण त्याचा फ्लॅश पॉइंट उणे 28 आणि तो भूजलात सहज उतरतो. एन्झाइमची यादी आणि सुरक्षेची यादी, दोघींची तोंडं अशी दोन दिशांना.

माझा कल स्पष्ट आहे: यादी सुरक्षेकडून सुरू करा आणि एन्झाइमला त्या यादीत बसवा. एन्झाइम बदलता येतं, रेझिनवर बांधता येतं, म्युटेशन करून टणक करता येतं. फ्लॅश पॉइंटला यातलं काहीच लागू होत नाही. शिवाय लॉग पी 1 च्या आसपासचे सॉल्व्हंट वाटतात तितके वाईट नसतात. त्यातलाच 2-मिथाइल टीएचएफ (2-मिथाइल टेट्राहायड्रोफ्युरान) फरफुरलपासून, म्हणजे मक्याच्या कणसांच्या बुरकुंडांसारख्या शेतीतल्या टाकाऊ मालापासून बनतो. काही एन्झाइमं त्यात नीट चालतात, काही मरतात. चाचणी घेतल्याशिवाय बोलू नये.

चाचणी दोन भागांत घ्या. आधी फक्त सॉल्व्हंटने संपृक्त केलेल्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या पाण्याच्या द्रावणात) एन्झाइम ठेवा, मग सॉल्व्हंटचा वेगळा थर घालून ढवळा. पहिल्यात टिकलं आणि दुसऱ्यात मेलं, तर दोष विरघळलेल्या सॉल्व्हंटचा नाही, दोन थरांमधल्या पृष्ठभागाचा आहे. अशा वेळी सॉल्व्हंट बदलण्याआधी ढवळण्याचा वेग कमी करून बघा. सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्याच्यावर काम करतं तो पदार्थ, न घालता एक ब्लँक चालवाच. लायपेज किंवा इस्टरेज (इस्टर तोडणारं एन्झाइम) असेल तर ते इथाइल अॅसिटेटच खायला लागतं, अॅसिटिक आम्ल तयार होतं आणि पीएच घसरतो. कीटोरिडक्टेजसोबत (कीटोनचं अल्कोहोल करणाऱ्या एन्झाइमसोबत) कीटोन सॉल्व्हंट असेल तर तोही सब्स्ट्रेट ठरत नाही ना, हे बघा. आणि हो, या चाचण्या पॉलिस्टायरीनच्या 96 खड्ड्यांच्या प्लेटमध्ये करू नका. टोल्युइन ती प्लेटच विरघळवतो. टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाच्या काचेच्या व्हायल घ्या.

ऑक्सिजिनेज (पदार्थात ऑक्सिजन जोडणारं एन्झाइम) वापरणार असाल तर गोष्ट वेगळ्या पातळीवर जाते, कारण रिअॅक्टरमध्ये हवा सोडावी लागते. ज्वालाग्राही सॉल्व्हंटच्या वाफेत हवा मिसळली की वरच्या मोकळ्या जागेत स्फोटक मिश्रण. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या विटहोल्ट आणि श्मिड यांच्या गटाने ऑक्टेनसारख्या सॉल्व्हंटसाठी स्फोटरोधक बायोरिअॅक्टरच उभारला होता. तेवढी सोय सगळ्यांकडे नसते. डोडेकेनचा फ्लॅश पॉइंट 70 अंशांच्या वर आहे आणि लॉग पी 6 च्याही पुढे, म्हणून तो मोहक वाटतो. पण तो 216 अंशांना उकळतो. तुमचा पदार्थ त्यातून कसा काढणार, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहा. पदार्थ आधी उकळत असेल तर नशीब. उच्च लॉग पी आणि उच्च फ्लॅश पॉइंट असूनही धोकादायक असू शकतं, याचं उदाहरण म्हणजे बिस-2-इथाइलहेक्सिल थॅलेट: स्टायरीन ऑक्साइडच्या प्रक्रियेत वाहक सॉल्व्हंट म्हणून वापरला गेला, पण प्रजननाला घातक असल्याने युरोपात आता त्याला परवानगी लागते.

खालचा पाण्याचा थर कुठे जातो, हे नवीन माणूस सहसा विचारत नाही. मिथाइल टीएचएफ पाण्यात सुमारे 14 टक्के विरघळतो, सायक्लोपेंटिल मिथाइल इथर जेमतेम 1 टक्का. पहिला निवडलात तर तो थर ईटीपीला (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला) पाठवण्याआधी स्ट्रिपिंग करून, म्हणजे वाफेने उडवून, सॉल्व्हंट काढून घ्यावा लागेल, नाहीतर सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय प्रदूषणाचं माप) इतका चढेल की ईटीपीवाले दुसऱ्या दिवशी तुमच्या टेबलापाशी येतील. त्या स्ट्रिपिंगची वाफ आणि वेळ धरूनच दोघांची तुलना करा.