मुळा आवडत नाही? आधी तो कापता कसा ते बघा

मुळा खाण्यात काही अर्थ आहे का असं कुणी विचारलं की माझं उत्तर हो असतं, पण ज्यांनी एकदा जून, भेंडाळलेला मुळा खाल्लाय आणि तेव्हापासून नाक मुरडतात त्यांचं काही चुकत नाही, तसला मुळा मीही खात नाही. चांगला मुळा ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे.

पौष्टिक आहे म्हणून खा असं मी म्हणणार नाही. 100 ग्रॅम मुळ्यात जवळपास 95 ग्रॅम पाणीच असतं, कॅलरी 16 च्या आसपास, व्हिटॅमिन सी साधारण 15 मिलिग्रॅम आणि थोडा फायबर, म्हणजे चांगलंच आहे पण औषध नाही. मुळा खायचा तो दाताखाली कर्रकन तुटतो म्हणून आणि झोंबतो म्हणून, आणि हे झोंबणं कमीजास्त करणं आपल्या हातात असतं, बहुतेकांना हेच कुणी सांगितलेलं नसतं.

मुळा मोहरी आणि कोबीच्या कुळातला. त्याच्या आत दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात, एक गंधकवालं द्रव्य आणि एक एन्झाइम, मुळा अख्खा असेपर्यंत त्यांची गाठ पडत नाही पण कापला, किसला, चावला की दोन्ही एकत्र येतात आणि मग ते नाकात जाणारं तिखट तयार होतं. अख्खी मोहरी जिभेवर ठेवली तर काही होत नाही, वाटली की चढते, तसंच हे. म्हणून किसलेला मुळा सगळ्यात जास्त झोंबतो आणि जाड चकत्या कमी. सालीत हा तिखटपणा जास्त असतो, त्यामुळे सोलला की बराच सौम्य होतो. आणि लांब पांढरा मुळा असेल तर पानांकडचा भाग गोडसर आणि शेपटाकडचा तिखट असतो, तेव्हा कच्चा खायला वरचा भाग घ्या, शेपूट शिजवायला ठेवा. मी हे करायला लागल्यापासून घरातली न खाणारी माणसंसुद्धा खायला लागली!

तरी झोंबतोय का? मग चकत्या बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, झोंब उतरते आणि वर करकरीत होतात. किंवा मीठ लावून 15 मिनिटं ठेवायचं, पाणी सुटतं ते काढून टाकायचं, हलक्या हाताने पिळायचं. सगळ्यात सोपं म्हणजे सोबत काहीतरी स्निग्ध घ्या. तिखट द्रव्य तेलातुपात विरघळतं, त्यामुळे लोणी, घट्ट दही, चीज, अगदी तेलाचे चार थेंबसुद्धा चालतात. लहान लाल मुळ्याच्या पातळ चकत्या, थंड लोणी आणि जाडसर मीठ, पहिल्यांदा खाणाऱ्याला मी हेच देते.

आणि शिजवून बघाच! उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं, झोंबणं जवळजवळ जातं आणि आतली गोडी वर येते. लहान मुळे अर्धे करा, तेल मीठ लावून ओव्हनमध्ये 200 डिग्रीला 20-25 मिनिटं, कडा तपकिरी व्हायला हव्यात, नुसते मऊ झाले तर पाणचट लागतात. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर, झाकण न ठेवता, कापलेली बाजू खाली. शेवटी लिंबू पिळा.

झटपट व्हिनेगरमधला मुळाही करा, व्हिनेगर आणि पाणी सारखं, थोडं मीठ, थोडी साखर, त्यात चकत्या बुडवून फ्रीजमध्ये, तासाभरात खाता येतो. लाल मुळ्याचा रंग सालीतून उतरून सगळं गुलाबी होतं, फार सुंदर दिसतं. डबा मात्र घट्ट झाकणाचा घ्या, गंधकाचा उग्र वास पूर्ण फ्रीजभर पसरतो.

हे सगळं मुळा चांगला असेल तरच. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे, दाबला तर टणक, साल ताणलेली, पानं टवटवीत. हलका लागला किंवा दाबल्यावर स्पंजसारखा वाटला की ठेवून द्या, आतून पोकळ असणार. लहान गोल जाती पेरल्यापासून 25-30 दिवसांत तयार होतात, जमिनीत जास्त राहिल्या की भेंडाळतात, आणि उन्हाचा ताण पडला, पाणी कमी मिळालं तर जास्त तिखट होतात. म्हणून थंडीतला मुळा घ्यावा.

घरी आणल्याबरोबर पानं कापून वेगळी करा कारण ती मुळ्यातलं पाणी ओढत राहतात आणि दोन दिवसांत मुळा मऊ पडतो. पण पाला फेकू नका हो, त्यात व्हिटॅमिन सी मुळ्यापेक्षा जास्त असतं. खरखरीत असतो म्हणून कच्चा नको वाटतो, पण बारीक चिरून लसणावर परतला की खरखर जाते. माती खूप असते तेव्हा तीन पाण्यांतून धुवा. झाडाला शेंगा धरल्या असतील तर त्या कोवळ्या डिंगऱ्याही खा, चव मुळ्याचीच, जरा हलकी.

पोटात गॅस होत असेल तर सुरुवातीला दोन-चार चकत्याच घ्या, आणि कच्च्यापेक्षा शिजवलेल्यापासून सुरू करा.