काचेखाली अडकलेली पाण्याची फिल्म किती जाड आहे ते कसं मोजायचं

थेंब किंवा बुडबुडा काचेला टेकला असं वाटतं तेव्हा मधे पाण्याची पातळ फिल्म अडकलेली असते आणि ती कडेकडेने निघून जात असते, ते पाणी पूर्ण गेल्याशिवाय खरं टेकणं होतच नाही. हे बघायला पाण्यातला हवेचा बुडबुडा सगळ्यात बरा, त्याच्या रिंगा, म्हणजे फिल्मच्या दोन्ही बाजूंवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून उमटणारी काळी-उजळ वर्तुळं, एकदम ठळक दिसतात.

आधी काच नीट धुवा. पाणी तिच्यावर सपाट पसरलं पाहिजे, गोळे होऊन राहिलं तर परत धुवा, कारण तेलकट काचेवर फिल्म मधेच फाटते. मग वाकवलेल्या सुईने साधारण १ मिमी त्रिज्येचा बुडबुडा पाण्यात ठेवलेल्या काचेखाली सोडा, वरून मायक्रोस्कोप, ५४६ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा फिल्टर, आणि व्हिडिओ आधीपासूनच चालू ठेवा.

एका काळ्या रिंगेपासून पुढच्या काळ्या रिंगेपर्यंत जाडीत २०५ नॅनोमीटरचा फरक असतो. पण सुरुवातीची जाडी कुठे माहीत असते, म्हणून व्हिडिओ शेवटाकडून उलटा चालवून मोजा. काच, पाणी, हवा अशा रचनेत जाडी शून्याकडे गेली की तो भाग उजळतो, साबणाच्या फिल्मसारखा काळा होत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा नाहीतर सगळे आकडे चुकतील. शेवटचा काळा पट्टा म्हणजे १०३ नॅनोमीटर.

आता महत्त्वाचं, मधल्या भागावरून अंदाज बांधू नका. बुडबुड्यात बाहेरपेक्षा साधारण १४४ पास्कल जास्त दाब असतो, फिल्ममधला दाब तेवढा झाला की बुडबुड्याचा माथा आत दबून खळगा पडतो आणि सगळ्यात पातळ जागा कडेला तयार होते. देर्यागिन आणि कुसाकोव्ह या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्येच हे टिपलं होतं. मधलं पाणी त्या अरुंद कडेतूनच बाहेर पडणार, म्हणून सगळं इतकं रेंगाळतं. रेनॉल्ड्सच्या १८८६ च्या सिद्धांतानुसार फिल्म पातळ होण्याचा वेग जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, जाडी निम्मी झाली की वेग आठपट कमी. ०.३ मिमी त्रिज्येच्या फिल्मला ते सूत्र लावलं तर १ मायक्रॉन (१००० नॅनोमीटर) जाडीला सेकंदाला सुमारे १ मायक्रॉन येतं आणि १०० नॅनोमीटरला फक्त १ नॅनोमीटर! खळग्यामुळे हा अंदाज ढोबळच आहे, पण घाई का करायची नाही ते यावरून कळतं.

मधली आणि कडेची जाडी वेगवेगळी लिहून दोन्हींचा वेळेसोबत लॉग-लॉग ग्राफ (दोन्ही अक्षांवर लॉगरिदम मोजपट्टी) काढा. फ्रँकेल आणि मायसेल्स यांच्या १९६२ च्या गणितानुसार मधल्या रेषेचा उतार उणे पाव आणि कडेचा उणे अर्धा यायला हवा. कडेची रेषा पुढे आडवी झाली तर काच आणि बुडबुडा यांच्यातलं विद्युत प्रतिकर्षण फिल्मला धरून ठेवतंय, तिथे मोजणी थांबवा.