आमदाराला हिशोब कसा विचारायचा आणि त्याच्या नादानं गल्ली पेटू कशी द्यायची नाही

इलेक्शन जवळ आलं की आमच्या बेळगावात दोनच आवाज ऐकू येतात बघा. सकाळी चहाच्या गाड्यावर "सगळे चोर हायत ओ, कुणालाबी घाला, काय फरक पडतोय" आणि संध्याकाळी सभेला तीच माणसं पुढच्या रांगेत उभी राहून साहेबांच्या नावानं ओरडतात. मधलं काही नाहीच, शिव्या तरी द्यायच्या नाहीतर पाया तरी पडायचं. मी शहापुरातल्या आमच्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाचा नऊ वर्षं चिटणीस होतो आणि त्या नऊ वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, की जी गल्ली आमदाराला गटाराचा हिशोब विचारत नाही तिलाच धर्माच्या नावावर वापरणं सगळ्यात सोपं जातं, कारण गटाराचं काम दाखवावं लागतं आणि घोषणेला काहीच दाखवावं लागत नाही. म्हणून हिशोब कसा विचारायचा आणि भडकवणाऱ्याला कसं ओळखायचं, ही दोन्ही कामं एकत्रच सांगतोय, ती वेगळी नाहीतच.

आपल्याकडं हे जास्त का चालतं तेही सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव महाराष्ट्रात न येता आताच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून आपण काळा दिन पाळतोय, सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ ला आला, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आजोबा गेले, बाबा गेले, आम्ही पन्नाशीला आलो. माणूस थकतो ओ. २०१८ आणि २०२३, दोन्ही विधानसभांना महाराष्ट्र एकीकरण समितीचा, म्हणजे सीमाप्रश्नावर लढणाऱ्या आपल्या समितीचा, एकही आमदार आला नाही. त्या मोकळ्या जागेत आता धर्म सांगून मतं मागणारे आलेत. दुखणं खरं आहे, पण त्यावरचा राग भलत्याच दारात नेऊन ओतायला लावतात, माझं म्हणणं एवढंच.

तर पहिलं काम, भाविक आणि कट्टर यात घोळ करू नका. पहाटे उठून कपिलेश्वराला जाणारा, पंढरीची वारी करणारा, पाच वेळा नमाज पढणारा, चातुर्मास पाळणारा जैन, यातला कुणीही कट्टर नाही. भाविक माणूस नियम स्वतःला लावतो, उपास स्वतः करतो. जो तुम्हाला सांगतो की "त्यांच्या दुकानातनं घेऊ नको, त्यांच्या पोरांशी बोलू नको", म्हणजे ज्याचा सगळा धर्म शेजाऱ्यानं काय करायचं नाही यावर चालतो, तिथं सावध व्हा. हे सगळ्या धर्मांना लागू आहे, फक्त समोरच्यांना नाही. आणि तो बोलतोय त्यात तारीख, जागा, माणूस असलं काही आहे का बघा, का नुसतं "ते लोक" "ते लोक" चाललंय.

आता व्हॉट्सॲपचं जरा सविस्तर सांगतो कारण आग तिथनंच लागते. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या सातव्या दिवशी रात्री मंडळाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला, मिरवणूक चाललीय आणि गच्चीवरनं दगड येतायत, खाली लिहिलेलं "आपल्या बेळगावातलं, आत्ताचं, जागे व्हा". मी स्वतः तो बघितल्या बघितल्या दोन ग्रुपना पाठवला, हे आज लिहिताना पण वाईट वाटतंय. दहा मिनिटांत मंडपासमोर वीस-पंचवीस पोरं जमली, दोघांच्या हातात मंडपाचे बांबू. तेवढ्यात पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला असलेला एक पोरगा म्हणाला, काका, ह्या मागच्या दुकानाचा बोर्ड बघा, ही अक्षरं कन्नड नाहीत. झूम करून बघितलं. आपण मराठी शाळेत शिकलो तरी कन्नड वाचता येतं, कन्नड अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ असते, ह्याच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखी टिक होती. तेलुगू बोर्ड. म्हणजे व्हिडिओ बेळगावातला नव्हताच.

मग मी पलीकडच्या मशिदीच्या कमिटीतल्या एकाला फोन लावला, त्यांचा नंबर शांतता समितीच्या मीटिंगमध्ये घेतलेला होता. ते म्हणाले, आमच्याकडं पण हाच व्हिडिओ आलाय, खाली लिहिलंय "आपल्या पोरांना मारतायत". तोच व्हिडिओ, तेच दगड, फक्त मजकूर उलटा! त्यांच्याकडं पण पोरं जमलेली. फोन स्पीकरवर टाकला आणि दोन्हीकडच्या पोरांनी ते ऐकलं, तेव्हा कुठं बांबू परत मंडपाला लागले.

तेव्हापासून आमच्या ग्रुपला नियम आहे. मेसेजवर दोन बाण दिसले म्हणजे तो खूप वेळा फॉरवर्ड झालाय, तो पुढं पाठवायचा नाही, आधी बघायचा. व्हिडिओ थांबवून दुकानाचे बोर्ड, गाडीच्या नंबर प्लेटा, बसचा रंग, लोकांच्या अंगावर स्वेटर आहे का पावसाळा आहे ते बघा. महाराष्ट्राच्या एसटीचा लाल डबा आणि कर्नाटकची बस कुठलंही पोरगं लांबनं ओळखतं, मग व्हिडिओत का बघत नाही. स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्सवर टाका, जुना असला तर बऱ्याच वेळा सापडतो. आणि चुकून पाठवलाच तर गप डिलीट करून बसू नका, त्याच ग्रुपवर लिहा की "मी पाठवलेलं खोटं होतं". लाज वाटते, पण लिहा.

हे किरकोळ समजू नका. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात मोबाईलच्या स्टेटसवरनं दंगल झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. ११ ऑगस्ट २०२० ला बेंगळुरात एका फेसबुक पोस्टवरनं जमावानं आमदार अखंड श्रीनिवास मूर्ती यांचं घर पेटवलं, पोलिसांच्या गोळीबारात तिघं गेले. एकीकडं एका धर्माचा जमाव, दुसरीकडं दुसऱ्याचा, पण सुरुवात दोन्हीकडं मोबाईलवरच.

त्या व्हिडिओच्या दुसऱ्या दिवशी निवडून आलेले एक सदस्य मंडपात आले. मला वाटलं शाबासकी देतील. ते बाजूला घेऊन म्हणाले, पोरांचा जोश असा घालवू नका, पुढं कामाला येतात. त्या वाक्यानं माझे डोळे उघडले. मी त्यांना काही बोललो नाही, आत गेलो, आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजचा सात महिने पडून असलेला अर्ज आणला आणि पोच म्हणून त्यांची सही मागितली. सगळ्यांसमोर मागितली म्हणून दिली.

हिशोब विचारायची पद्धत अशी. आधी कुणाला काय विचारायचं ते ठरवा. गटार, कचरा, पथदीप हे महापालिकेचं, शहरात ५८ वॉर्ड आहेत, आपला नगरसेवक कोण ते माहीत पाहिजे. आमदाराला वर्षाला २ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, खासदाराला ५ कोटींचा. खानापूरवाल्यांनी लक्षात ठेवा, तुमचा तालुका बेळगाव जिल्ह्यातला असला तरी लोकसभेला तुम्ही उत्तर कन्नड मतदारसंघात येता, त्यामुळं बेळगावच्या खासदाराच्या ऑफिसात जाऊन भांडून काही उपयोग नाही. प्रश्न एकच विचारा आणि आकडा मागा. "विकास कधी होणार" असं विचारलं की भाषण मिळतं. "गेल्या वर्षीच्या निधीतनं आमच्या वॉर्डात किती रुपये आणि कुठल्या कामाला" असं विचारलं की गडी पीएकडं बघतो.

तोंडी उत्तर आलं तरी लेखी द्या. मराठीत द्या, बिनधास्त. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत तक्रार द्यायचा हक्क घटनेच्या कलम ३५० नं दिलाय, घेणार नाही म्हणाले तर हे कलम सांगा, आवाज न चढवता. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार, १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय लागतो आणि १५० शब्दांच्या आत, म्हणून आमच्यातले खूप अर्ज परत येतात, सगळी गाऱ्हाणी एकातच कोंबतात. खेड्यात असाल तर ग्रामसभेला जा, सहा महिन्यांतनं एकदा तरी ती घ्यावीच लागते, आणि आपण जात नाही म्हणून ती कागदावरच उरकते.

मत द्यायच्या आधी उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचा, फॉर्म २६ म्हणतात त्याला, निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर फुकट मिळतं, मालमत्ता, शिक्षण, केसेस सगळं त्यात. इथं एक आपल्या भागाची गोष्ट आहे. आपल्याकडं चांगल्या चांगल्या कार्यकर्त्यांवर केसेस आहेत, काळ्या दिनाच्या सायकल फेरीच्या, मोर्चाच्या, बोर्डाच्या. म्हणून नुसता केसेसचा आकडा बघून माणूस वाईट ठरवू नका, कलम काय आणि प्रकरण काय ते बघा. दोन समाजांत शत्रुत्व वाढवण्याचं कलम, आधी १५३अ होतं आता भारतीय न्याय संहितेत १९६ झालंय, त्यात धर्माबरोबर भाषा पण येते, त्यामुळं तेच कलम आंदोलनाला पण लागतं आणि दंगल भडकवणाऱ्याला पण. खोलात जाऊन बघा.

प्रचारात कुणी धर्मावर मतं मागितली, समोरच्या समाजाला शिव्या घातल्या, तर तो कायद्यानं भ्रष्ट मार्ग आहे, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३. २ जानेवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन असं ठरवलं की नुसता उमेदवाराचाच नाही तर मतदाराचा धर्म, जात, भाषा काढून मतं मागणं पण यात येतं. हे कागदावरच राहतं असं समजू नका. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभूंची निवड यातच रद्द झाली आणि त्यांच्या प्रचारातल्या भाषणांवरनं बाळासाहेब ठाकरेंचा मतदानाचा हक्क सहा वर्षं काढून घेतला होता. आमच्याकडं घराघरात ज्यांचा फोटो आहे त्यांनाही नियम लागला, मग बाकीच्यांना का नको.

आचारसंहिता चालू असेल तर मोबाईलवर निवडणूक आयोगाचं तक्रारीचं सी-व्हिजिल ॲप घ्या, त्यात तिथल्या तिथं काढलेलाच फोटो-व्हिडिओ चालतो, गॅलरीतला नाही, आणि १०० मिनिटांत कारवाई अपेक्षित असते. १९५० ह्या हेल्पलाइन नंबरवर फोन पण चालतो. निकालानंतर ४५ दिवसांत हायकोर्टात निवडणूक याचिका साधा मतदार पण करू शकतो, पण त्याला वकील आणि पैसा लागतो हे खरं. भाषणाचं रेकॉर्डिंग करताना अर्धं वाक्य कापू नका, पूर्ण ठेवा, नाहीतर आपणच खोटं पसरवल्यासारखं होतं. आणि एकट्यानं पोलिस स्टेशनला जाऊ नका, दोघं-तिघं जा, एफआयआरची प्रत फुकट मिळते ती घेऊन या. हाणामारी चालू असेल तर आधी ११२ नंबरला फोन.

मंडळवाल्यांसाठी एकच सांगतो. डॉल्बी, टी-शर्ट, महाप्रसाद पुढाऱ्याकडनं घेतला की कमानीवर त्याचा फोटो येतो आणि मग मिरवणूक कुठं थांबवायची, कुठं जोरात वाजवायचं हे पण तोच ठरवतो. आम्ही ठरवलं की देणगी सगळ्यांची घ्यायची पण पावती फाडून, घरटी वर्गणीच्या पटीत, आणि फोटो फक्त गणपतीचा. पहिल्या वर्षी पैसे कमी पडले, लेझीम आणि ढोलावर भागवलं. बायकांना उलट ते आवडलं.

शेवटचं आणि सगळ्यात अवघड, घरातलं पोरगं. माझा भाचा एकोणीस वर्षांचा, दिवसभर तसलेच रील्स बघायचा, जेवताना पण तेच बोलायचा. मी पहिल्यांदा झापलं, तो आठ दिवस बोललाच नाही. झापू नका. "तू कट्टर झालास" म्हणालात की तो तसाच होतो. मी त्याला एका रविवारी किल्ल्यात घेऊन गेलो. एकाच तटाच्या आत १२०४ ची कमल बस्ती म्हणजे जैन मंदिर, सफा मशीद आणि रामकृष्ण आश्रम, चालत पाच-दहा मिनिटांत सगळं होतं. विवेकानंद १८९२ ला बेळगावात राहून गेलेत हे त्याला माहीत नव्हतं. तिथं बसून त्याला कॉम्रेड गोविंद पानसरे आणि कन्नड विद्वान एम. एम. कलबुर्गींचं सांगितलं. फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात पानसरेंना गोळ्या घातल्या, ऑगस्टमध्ये धारवाडात कलबुर्गींना त्यांच्या घराच्या दारात. आपण मधोमध राहतो, दोन्हीकडं दिवसभर बसा जातात. दोघंही म्हातारी माणसं, दोघांच्याही हातात फक्त पुस्तकं. तो म्हणाला, मामा, त्यांनी पण धर्माविरुद्ध लिहिलंच असेल की. मी म्हणालो, वाच आणि मग वाद घाल, मी ऐकतो. लगेच बदलला असं नाही. पण मेसेज पाठवायच्या आधी आता मला विचारतो, "मामा, हे खरं काय?"

गेल्या वर्षी चिटणीसपद सोडताना नव्या पोराच्या हातात पावती पुस्तकं दिली, सगळ्या अर्जांच्या पोचांची फाइल दिली, आणि फाइलच्या आतल्या कव्हरवर सहा फोन नंबर लिहून दिले, नगरसेवकाचा, पोलिस स्टेशनचा, शेजारच्या दोन मंडळांचा, लाईटवाल्याचा आणि मशिदीच्या कमिटीचा. त्यातला शेवटचा बदललाय म्हणे, चतुर्थीच्या आधी जाऊन नवा घेऊन लिहायला सांगितलंय.