कादंबरीवर लिहिताना या चुका टाळा

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांचे निबंध आणि उत्तरपत्रिका वर्षानुवर्षं वाचतोय. संज्ञा सगळ्यांना पाठ असतात. निवेदक (कादंबरीत गोष्ट सांगणारा), कथानक (कारणांनी बांधलेल्या घटना), आशयसूत्र (विषयाबद्दल कादंबरी काय म्हणते ते), व्याख्येसकट. पण कादंबरी समोर ठेवली की गाडी अडते, आणि अडते ती ठरलेल्या जागीच.

निवेदकाला लेखक समजणं

माझ्या लेखी सगळ्यात घातक चूक हीच. एका चर्चासत्रात एका विद्यार्थ्याने भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’वर (१९६३) निबंध वाचला. पुण्यात शिकताना नेमाड्यांची झालेली फरफट, नेमाड्यांचं गावी परतणं, धाकटी बहीण मनी गेल्यावर नेमाड्यांना झालेलं दुःख. हे सगळं ज्याच्या बाबतीत घडतं त्या निवेदकाचं, पांडुरंग सांगवीकरचं, नाव जेमतेम कानावर आलं. मी विचारलं, “‘पण लक्षात कोण घेतो?’मधली यमू विधवा होते, तिचं केशवपन होतं, आणि हे सगळं ती ‘मी’ म्हणून सांगते. मग ती कादंबरी लिहिणारे हरिभाऊ आपटे कोण?” मुलगा हुशार होता, लगेच उमगलं त्याला. पण निबंध मुळापासून पुन्हा लिहावा लागला. कारण साधं होतं: कादंबरी उघडण्याआधी त्याने तयार नोट्समधला लेखकपरिचय वाचला होता.

“सर, पण अनुभव तर लेखकाचाच असतो ना?” हा प्रश्न हमखास येतो. असेलही. पण काय सांगायचं, काय गाळायचं, कुठे थांबायचं हे कादंबरीत निवेदकाच्या तोंडून ठरतं, आणि आपल्याला तपासायचंय ते हेच. यमूच बघा. लहानपणीच्या गोष्टी ती पुढे मोठेपणी आठवून सांगते. भोगणारी पोर वेगळी, सांगणारी बाई वेगळी. तेव्हा न कळलेलं आता कळतंय, या अंतरातून त्या कादंबरीचं कारुण्य येतं. यमूच्या जागी आपटे बसवले की हे अंतरच नाहीसं होतं आणि हातात फक्त समाजसुधारणेचा इतिहास उरतो.

माझी सवय सांगतो. पहिली काही पानं वाचून झाली की पेन्सिलीने समासात तीन प्रश्न लिहितो: कोण बोलतंय? कधी बोलतंय? त्याला काय माहीत नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कादंबरी संपेपर्यंत वाढत राहतं. निबंध लिहून झाला की लेखकाचं नाव जिथे जिथे आलंय तिथे ‘निवेदक’ घालून वाक्य पुन्हा वाचतो. बरीच वाक्यं तिथेच दुरुस्त होतात.

गोष्ट सांगितली की कथानक झालं, असं मानणं

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने १९२७ साली दिलेलं उदाहरण सगळे पाठ करतात: राजा मेला आणि मग राणी मेली ही गोष्ट, राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली हे कथानक. एवढं लिहून झालं की पुढची तीन पानं नुसता सारांश! ‘बनगरवाडी’वर (१९५५) लिहिताना तर हे फारच होतं. मास्तर येतो, शाळा भरते, तालीम उभी राहते, दुष्काळ पडतो, गाव उठतं. बरं, मग? हे एकमेकांना कशाने बांधलंय? मास्तराने जोडत आणलेलं गाव दुष्काळ उधळून लावतो, आणि त्यापुढे कुणाचंच काही चालत नाही. म्हणजे माणदेशाची कोरडी जमीन तिथे कथानक हलवते. तरीही ‘वातावरण’ या मथळ्याखाली “लेखकाने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे” एवढंच लिहून मुलं मोकळी होतात. हे वाक्य दिसलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण ते कादंबरी न वाचताही लिहिता येतं.

मी प्रत्येक प्रकरणापुढे एकच वाक्य लिहितो, आणि त्यात ‘म्हणून’ किंवा ‘तरीही’ आलाच पाहिजे. नुसता ‘मग’ येत राहिला तर प्रकरण पुन्हा वाचतो.

बाकीच्या

‘प्रेम’, ‘स्त्रीजीवन’, ‘ग्रामजीवन’ हे विषय झाले. आशयसूत्र पूर्ण वाक्यात लिहा, नाहीतर लिहू नका.

‘ययाति’त (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघे बोलतात. “प्रथमपुरुषी निवेदन”, म्हणजे ‘मी’ म्हणून सांगणं, एवढा शिक्का पुरत नाही. देवयानीबद्दल कोण काय म्हणतं आणि ती स्वतः काय म्हणते, हे शेजारी शेजारी मांडा.

सपाट, म्हणजे एकाच गुणाभोवती उभं असलेलं, पात्र म्हणजे फसलेलं पात्र नव्हे.

आणि कावळा दिसला की लगेच मृत्यूचं प्रतीक म्हणू नका. तो कादंबरीत पुन्हा कुठे येतो, त्या जागा दाखवा. एकदाच आला असेल तर तो बहुतेक कावळाच आहे.

यातली एकही चूक संज्ञांची यादी पुन्हा घोकून जात नाही. परीक्षा जवळ आली की “सर, थोडक्यात सांगा” म्हणत येणाऱ्यांना मी कादंबरीच परत हातात देतो. एकदा गोष्टीसाठी वाचा, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. संज्ञा त्या दुसऱ्या वाचनात उपयोगी पडतात.